मोरवडचे गुलाम महाराज आणि टिकणारी सवय



रमजानचा पवित्र महिना संपला की एक प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर उभा राहतो, आणि मला वाटते तो आपल्याही घरात उभा राहत असेल. जो माणूस संपूर्ण महिना सहरीपासून इफ्तारपर्यंत, रोज तेरा-चौदा तास, तंबाखूची चिमूटही तोंडात घालत नाही, तोच ईदच्या दिवशी दुपारी पानटपरीवर उभा दिसतो. त्याच्या अंगी संयम नाही असे कसे म्हणावे? महिनाभर त्याने तो सिद्ध केलेला असतो. मग शव्वालचा चंद्र दिसताच तो संयम कोठे जातो? वाईट सवय सोडणे एक वेळ जमते; सोडलेली सवय परत न येऊ देणे का जमत नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर मला माझ्याच नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी होऊन गेलेल्या एका आदिवासी माणसाच्या चरित्रात सापडले. त्यांचे नाव गुलाम महाराज. ते आपल्या धर्माचे नव्हते. त्यांची उपासनेची पद्धत आपली नव्हे आणि ती आपल्याला स्वीकारता येणार नाही, हे मी आरंभीच स्पष्ट करतो. तौहीदच्या बाबतीत मोमिनाला तडजोड नाही. परंतु कोणाविषयीचा दुरावा न्यायाच्या आड येऊ देऊ नये, हीही कुरआनचीच शिकवण आहे. अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी इस्लामपूर्व काळात मक्केत झालेल्या हिल्फुल फुजूल या कराराची, म्हणजे पीडितांच्या बाजूने उभे राहण्याच्या प्रतिज्ञेची, प्रेषित्व मिळाल्यानंतरही प्रशंसा केली होती. चांगुलपणा जेथे दिसेल तेथे त्याला चांगुलपणा म्हणावे, हा आपल्याला मिळालेला वारसा आहे. त्याच भावनेने हे चरित्र वाचावे, अशी विनंती आहे.

प्रथम तो मुलूख डोळ्यांसमोर आणा. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. इंग्रजी अमदानीत हा सारा प्रदेश पश्चिम खानदेशात मोडत असे आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. नंदुरबारहून उत्तरेकडे निघून तापी ओलांडली की तळोद्याची सपाट, काळी, कसदार जमीन लागते आणि समोर सातपुड्याची रांग उभी राहते. अक्कलकुव्याच्या मदरशात शिकायला जाणारी आपली कितीतरी मुले याच रस्त्याने जातात. त्या डोंगराच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यात, मोरवड नावाचे गाव आहे. तेच गुलाम महाराजांचे गाव.

या भागातील भिल्ल व पावरा समाजाच्या जीवनात मोहाच्या झाडाला फार मोठे स्थान आहे. फुले वेचायची, वाळवायची, दुष्काळात खायची आणि त्यांचीच दारूही गाळायची. जन्म असो, लग्न असो, मरण असो, दारूवाचून विधी पुरा होत नसे. जोवर ती घरी, ऋतुमानाप्रमाणे आणि सणापुरती होती, तोवर तिचे दुष्परिणाम मर्यादित होते. परंतु १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणे गुन्हा ठरले आणि विक्रीचा अधिकार मक्तेदारांच्या हाती गेला. आता दारू विकत घ्यावी लागे, तीही उधारीवर. उधारी वाढली की सावकार येई, सावकाराच्या मागून जमीन जाई, आणि जमीन गेलेला माणूस दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून राबू लागे. दिवसभराचा अपमान विसरण्यासाठी तो संध्याकाळी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढे. व्यसन आणि अपमान यांचे हे चक्र होते, आणि त्यातले एक टोक तसेच ठेवून दुसरे तोडणे अशक्य होते. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा. पुढे त्याचेच काम पडणार आहे.

हे चक्र तोडण्याचा एक मोठा प्रयत्न त्यापूर्वी होऊन गेला होता. १९२२-२३ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून सलाबाई देवीची एक विलक्षण लाट उठली आणि दक्षिण गुजरातमधून खानदेशाच्या आदिवासी भागापर्यंत पोहोचली. गावोगावी लोक जमत, कोणाच्या तरी अंगात देवी येई आणि तिच्या तोंडून आज्ञा मिळे की दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा. हजारो लोकांनी एका दिवसात दारू सोडली. आज्ञा उत्तम होत्या. परंतु त्या पाळण्यामागे भीतीचा वाटा मोठा होता. जो मोडेल त्याच्यावर संकट कोसळेल, अशी धास्ती सर्वत्र पसरली होती. काही दिवस गेले, काही महिने गेले. कोणी हळूच घोटभर घेतली आणि त्याच्यावर आभाळ कोसळले नाही. मग दुसऱ्याने घेतली. पुष्कळ ठिकाणी लोक पुन्हा जुन्या वाटेला लागले. जेथे त्या लाटेच्या पाठोपाठ माणसांना धरून ठेवणारे काही कायमस्वरूपी काम उभे राहिले, तेथेच बदल अधिक टिकला.

याच भूमीत, सुमारे पंधरा वर्षांनी, १९३७-३८ च्या काळात मोरवडच्या एका भिल्ल माणसाचे नाव तळोद्याच्या पंचक्रोशीत घेतले जाऊ लागले. कोणी त्यांना गुला महाराज म्हणत, कोणी गुलाम महाराज. गुलाम हा शब्द आपल्या घराघरातला. गुलाम रसूल, गुलाम मुस्तफा अशी नावे आपण ठेवतो. त्यामुळे ते नाव प्रथम ऐकताना आपुलकी वाटते, एवढेच. त्यांच्याजवळ सत्ता नव्हती, पैसा नव्हता, मोठ्या शहरातल्या कोणत्या संस्थेचे पाठबळही नव्हते. ते ज्यांच्याशी बोलत होते त्यांच्यातलेच एक होते, त्यांच्याच बोलीत बोलत होते आणि त्यांचे दुःख त्यांना ऐकून माहीत नव्हते, भोगून माहीत होते.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी वरवर पाहता जुन्याच होत्या. दारू पिऊ नका. रोज स्नान करा. अंगावरचे कपडे आणि घरदार स्वच्छ ठेवा. चोरी करू नका, खोटे बोलू नका, आपसात भांडू नका. देवीच्या लाटेतही यातल्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. मग निराळे काय होते? वाचकहो, निराळी होती ती त्या गोष्टी माणसांच्या जीवनात रुजवण्याची रीत.

त्या रीतीचा पहिला भाग म्हणजे ठरलेला दिवस. दर सोमवारी लोकांनी मोरवडला एकत्र यावे, असा प्रघात पडला. प्रतिज्ञा एकदाच घेऊन घरी जायचे नव्हते. सात दिवसांनी पुन्हा यायचे होते. ज्याचा पाय मधल्या काळात घसरला असेल त्याच्यासाठीही पुढचा सोमवार होताच. भीतीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेत एकदा चुकलेला माणूस कायमचा बाहेर पडतो, कारण आज्ञा तर मोडलीच, आता उरले काय, असे त्याला वाटते. ठरलेल्या दिवसाच्या व्यवस्थेत चुकलेल्या माणसाला परतीची वाट असते.

दुसरा भाग म्हणजे त्या दिवसाचा आनंद. लोक स्नान करून, धुतलेले कपडे घालून, बायकामुलांसह डोंगरवाटा तुडवत येत. एकत्र बसत, दिवा लावून सामूहिक आरती करत. यावरूनच पुढे त्या चळवळीला आरतीची चळवळ हे नाव मिळाले. आरती ही आपली इबादत नव्हे, हे वर सांगितलेच आहे. परंतु माणसाच्या मनाच्या दृष्टीने तेथे काय घडत होते ते पाहा. दारूचा गुत्ता हाही एकत्र बसण्याचाच अड्डा असतो. थकलेल्या माणसाला तेथे सोबत मिळते आणि घटकाभर हसायला मिळते. दारू सोडा असे सांगताना आपण त्या माणसाची ती सोबत आणि ते हसूही हिरावून घेत असतो, आणि त्या जागी काही देत नाही. गुलाम महाराजांनी त्या जागी दुसरी सोबत आणि दुसरा आनंद दिला. तेथून परतताना माणसाच्या डोक्यात नशा नसे, खिशात कर्ज नसे आणि मन मात्र हलके झालेले असे.

तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो एका लहानशा शब्दात आहे. तो शब्द म्हणजे आप. त्यांच्या अनुयायांनी एकमेकांना आप म्हणावे, आदराने हाक मारावी, असा त्यांचा आग्रह होता. आजही त्यांचे अनुयायी भेटले की आप की जय असा अभिवादनाचा उच्चार करतात, आणि त्यांच्या मार्गालाही आप हेच नाव पडले आहे. या शब्दाचे मोल समजण्यासाठी त्या काळचा भिल्ल माणूस आठवा. सावकाराच्या ओट्यावर, कचेरीच्या दारात, शिपायासमोर, मालकाच्या शेतावर त्याला जन्मभर अरे-तुरेच ऐकावे लागे. त्याच्या म्हाताऱ्या बापालाही मालकाचा लहान मुलगा अरे म्हणत असे. अशा माणसाला एका सोमवारी शेजारचा माणूस आप म्हणतो. त्याची बायको तेथे आप आहे, त्याचा सालदार भाऊ आप आहे. ज्या माणसाला कोणी मान देत नाही त्याला स्वतःला जपण्याचे कारण उरत नाही. ज्याला मान मिळतो तो त्या मानाला शोभेल असे वागू पाहतो. व्यसन आणि अपमान यांच्या ज्या चक्राविषयी वर लिहिले, त्याचे दुसरे टोक गुलाम महाराजांनी या एका शब्दाने सोडवायला घेतले.

परिणाम लवकरच दिसू लागला. सोमवारी मोरवडला जमणाऱ्यांची संख्या हजारांवर गेली. तळोद्याप्रमाणेच अक्कलकुवा, शहादा आणि डोंगरातील गावांतून लोक येऊ लागले. स्त्रिया मोठ्या संख्येने येत, कारण घरातल्या दारूची किंमत मार खाऊन आणि उपाशी राहून त्यांनीच मोजलेली होती. दारूच्या दुकानांचा धंदा बसू लागला आणि त्यावर जगणारे लोक अस्वस्थ झाले. हजारो आदिवासी दर आठवड्याला शिस्तीने एकत्र जमतात, ही गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांनाही खटकू लागली.

त्याच काळात मुंबई प्रांतातही दारूबंदीचा विचार जोरात होता. जुलै १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदीही सैल पडली. त्याआधी अमेरिकेसारख्या बलाढ्य देशाने १९२० पासून राबवलेली दारूबंदी १९३३ मध्ये मागे घेतली होती. कायदा निरुपयोगी असतो असे मी म्हणत नाही; दुकान दूर असणे हेही दुबळ्या माणसाला मोठे साहाय्य असते. परंतु कायदा बाटलीपर्यंत पोहोचतो आणि तहान आतच राहते, हे या दोन्ही घटनांवरून दिसते.

गुलाम महाराजांना आयुष्य फार मिळाले नाही. १९३८ मध्येच त्यांचे निधन झाले. म्हणजे त्यांच्या सार्वजनिक कार्याचा काळ जेमतेम वर्षभराचा. एका माणसाच्या प्रभावावर उभी राहिलेली चळवळ त्या माणसाबरोबर संपते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे तसे झाले नाही. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालवले. सोमवार चालू राहिला, आप हा शब्द चालू राहिला. पुढे रामदास महाराजांवर जिल्ह्याबाहेर जाण्याची सक्ती झाली, तरीही लोक पांगले नाहीत. नंदुरबार शहरात ९ सप्टेंबर १९४२ रोजी बाल शिरीषकुमार आणि त्याचे सवंगडी गोळीबारात हुतात्मा झाले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यानंतर सहा महिने उलटण्यापूर्वीच, २ मार्च १९४३ रोजी, तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे, सातपुड्याच्या दरीत, रामदास महाराजांच्या सोबत जमलेल्या अनुयायांवर इंग्रज सरकारच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. अनेकांचे प्राण गेले. त्यांची स्मृती आजही तेथे जपली जाते. शिरीषकुमारांचे नाव सर्वांना ठाऊक आहे; रावलापाणीचे नाव आपल्या मुलांनाही ठाऊक असावे, असे मला वाटते.

या चळवळीने नंदुरबार जिल्ह्यातून दारू नाहीशी झाली, असे मी लिहिले तर ते असत्य होईल. दारू आहे, आणि तिच्यामुळे उद्ध्वस्त झालेली घरेही आहेत. १९७२ च्या सुमारास शहादा भागातील आदिवासी स्त्रियांना गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडावी लागली, याचा अर्थ काम अपुरे राहिले होते. तरीही, गुलाम महाराजांच्या निधनाला आठ दशकांहून अधिक काळ लोटल्यावर आजही त्यांच्या मार्गावर निर्व्यसनी राहणारी कुटुंबे या डोंगरात आहेत. मूळ माणसाच्या हयातीत एक वर्ष आणि त्याच्यामागे तीन पिढ्या. हा हिशेब विचार करायला लावणारा आहे.

आजचे मानसशास्त्र याविषयी काय म्हणते? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधक बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी ध्यान आणि प्रसन्न भावना यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. दुसऱ्यांविषयी सद्भाव बाळगण्याच्या ध्यानाचा काही आठवडे सराव करणाऱ्यांच्या मनात आनंद, कृतज्ञता, आपुलकी अशा भावना हळूहळू वाढत जातात, असे त्यांना २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पुढे त्यांनी असा विचार मांडला की एखादे आरोग्यदायी काम करताना मनाला गोडी वाटली, तर त्या कामाची ओढ नकळत आत साठत जाते. मग माणूस स्वतःला ढकलत नाही, ओढला जातो. लंडनमधील एका अभ्यासात असेही दिसले की नवे वर्तन सवयीत मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. मोरवडच्या सोमवारांची आठवण होते ना?

आता, प्रिय वाचकहो, आपल्या घराकडे वळू. मदीनेत दारू कशी सुटली ते आठवा. अरबस्तानात दारू ही रोजची गोष्ट होती. अल्लाहने ती एका दिवसात हराम केली नाही. सूरह बकराने प्रथम सांगितले की तिचे नुकसान तिच्या लाभाहून मोठे आहे. नंतर सूरह निसाने नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई केली. दिवसात पाच नमाजा. त्यांच्यामध्ये नशा चढून उतरायला वेळ उरतो कुठे? नमाजने दारूची जागा अशी एकेक प्रहर करून घेतली. शेवटी सूरह माइदाने पूर्ण बंदी केली, तेव्हा मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली आणि ती ओतणारे हात ती पिणाऱ्यांचेच होते. हजरत आयशा (रजि.) यांनी या क्रमाचे मर्म सांगितले आहे. त्यांच्या कथनाचा आशय असा की आरंभी जन्नत आणि जहन्नमचे स्मरण देणारी वचने उतरली, लोकांची मने वळली, आणि मग हलाल-हरामचे नियम आले. पहिलाच हुकूम दारू सोडण्याचा असता, तर लोकांनी साफ नकार दिला असता.

नमाज ही प्रेषितांना (स.) ओझे वाटत नसे; हजरत बिलाल (रजि.) यांना ते अजान देऊन मनाला विसावा देण्यास सांगत. थोडे परंतु नित्य केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही शिकवणही आपण अनेकदा ऐकतो. इमाम गजाली (रह.) यांनी मुलाला मकतबची गोडी लावण्यासाठी प्रथम चेंडूच्या खेळाचे आमिष दाखवावे असे सुचवले, कारण मनाला एका गोडीतून काढायचे तर दुसरी गोडी द्यावी लागते, हे ते जाणून होते. आपल्या बुजुर्गांनी मुराकबा शिकवला, म्हणजे शांत बसून, अल्लाह आपल्याला पाहत आहे या जाणिवेत मन स्थिर करणे. ठरलेली वेळ, स्वच्छ शरीर, शांत मन, सोबतीची माणसे आणि भेटताच सलाम, म्हणजे समोरच्यासाठी शांतीची दुआ. मोरवडच्या लोकांना जे नव्याने उभे करावे लागले, ते आपल्याला आयते मिळाले आहे. मग आपली माणसे ईदच्या दुपारी टपरीवर का जातात?

याचे उत्तर देताना मला माझी स्वतःची चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण, ज्याचे दारूचे व्यसन सर्वांना माहीत होते, मगरिबच्या नमाजला येऊ लागला. तो शेवटच्या सफमध्ये उभा राही आणि सलाम फिरताच निघून जाई. आठवडाभर आला असेल. त्या शुक्रवारी मी बयानात दारुड्यांवर असा काही बरसलो की नाव न घेताही सर्वांच्या माना त्याच्याकडे वळल्या. माझे बोलणे फार प्रभावी झाले, असे लोक म्हणाले. तो तरुण पुन्हा मशिदीत आला नाही. पुढे त्याची आई मला भेटली. तिने तक्रार केली नाही. त्या आठवड्यात घरात किती शांतता होती, एवढेच सांगितले. त्या रात्री मला ती हदीस आठवली, जिच्यात दारू प्यायल्याबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शिव्याशाप दिले, तेव्हा प्रेषितांनी (स.) तसे करण्यास मनाई केली आणि त्या माणसाच्या मनात अल्लाह व त्याच्या प्रेषिताविषयी प्रेम असल्याची ग्वाही दिली. मी ही हदीस शिकलो होतो, शिकवलीही होती. परंतु त्या शुक्रवारी मी तिला विसरलो. मोरवडच्या त्या माणसाने मात्र, ती न शिकताही, व्यसनी माणसाला आप म्हटले होते.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. तंबाखू, गुटखा किंवा दारू सोडू पाहणाऱ्याने केवळ न करण्याचा निर्धार करू नये; त्या वेळेला काय करायचे ते ठरवावे. ज्या घडीला तलफ येते तिच्या अगोदरच्या नमाजनंतर दहा मिनिटे जागेवरच बसावे, श्वास शांत होऊ द्यावा, जिक्र करावे आणि त्या दिवशी अल्लाहने दिलेल्या तीन देणग्या नाव घेऊन आठवाव्यात. वेळ वाढवण्याची घाई नको; रोज होणे महत्त्वाचे. एखादा दिवस चुकला तर तौबा करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. एकट्याने करण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून करावे आणि आठवड्यातून एकदा, जुमाच्या नमाजनंतर, एकमेकांची विचारपूस करावी. जो अनेक वर्षे रोज भरपूर दारू पीत आला आहे त्याने मात्र ती अचानक, स्वतःच्या मनाने सोडू नये. अशा माणसाला थरथर, भ्रम, झटके येऊन जिवाला धोका होऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे. औषध घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

आणि घरच्यांसाठी एकच गोष्ट. ज्या मुलाला, भावाला, पतीला तुम्ही व्यसनापायी अरे-तुरे करू लागला आहात, हिशेब विचारताना ज्याचा पाहुण्यांसमोर पाणउतारा करता, त्याला उद्या सकाळी सलाम करून आदराने हाक मारा. व्यसनाला मान देऊ नका; माणसाला द्या. त्याच्यासाठी मशिदीतल्या सफमध्ये खांद्याला खांदा लावून जागा करा आणि त्याच्याकडे वळून पाहू नका.

तो तरुण आजही कधीतरी रस्त्यात दिसतो. आता मीच आधी सलाम करतो, थांबतो, त्याच्या आईची चौकशी करतो. मशिदीचा विषय मी काढलेला नाही. गेल्या रमजानच्या शेवटच्या दिवसांत तो एकदा इशाच्या वेळी वुजूखान्याच्या दाराशी येऊन उभा राहिलेला मला दिसला होता.

अल्लाह तआला आपल्याला चांगल्या कर्माची गोडी आणि त्यात सातत्य देवो, आपल्या जिभेला कठोरपणापासून जपो, आणि जे परत येऊ पाहतात त्यांच्यासाठी आपली दारे व मने खुली ठेवो. आमीन.